मुकुटापर्यंत आलेला गणपती

कॉम्प्युटरला मी घाबरत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा माझ्याबद्दल गैरसमज व्हायला नको. डोलवीच्या बाजूला एका कंपनीत मी गेटपासच्या खिडकीवर बसतो. दिवसभर माझ्यापुढे कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरपुढे मी! तो अडला की अख्ख्या शिफ्टमध्ये पहिली हाक मलाच. "प्रविण, जरा बघ रे!" मी जातो, बंद करतो, चालू करतो, आणि तो चालतो. याला हातगुण म्हणतात. कंपनीतले इंजिनियर याला दुसरंच काहीतरी म्हणतात, पण ती असूया झाली.

तर गेल्या वैशाखात पुंडलिककाकांचा फोन आला. काकांचा पेणमध्ये गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आत फळ्यांवर ओळीने बसलेले बिनरंगाचे गणपती आणि सगळ्यांच्या अंगावर शाडूची धूळ. गणपतींच्याही आणि माणसांच्याही!

"प्रविण, आपली ती साइट हाय ना, ती जिवंत हाय काय रं?"

"कुठली साइट?"

"अरं, आपल्या कारखान्याची! त्या प्रणितनं केलेली. तिच्यावर हौसाबायच्या गणपतीचा फोटो हाय. तो पायजे. लई नड हाय."

नड खरोखरच मोठी होती. रोह्याला कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की अष्टमी. तिथल्या हौसाबाईंच्या घरी काकांच्या वडिलांच्या काळापासून आमचाच गणपती जातो. मूर्ती न्यायला दर वर्षी त्यांचे यजमान गुणाजीराव स्वतः यायचे. ते जाऊन आता सतराएक वर्षं झाली. हौसाबाईंचा निरोप असा होता, की यंदाचा गणपती अष्टमीच्या घरातला शेवटचा. पुढच्या वर्षापासून मुलगा पनवेलला आपल्या फ्लॅटमध्ये बसवणार. तेव्हा या शेवटच्या वर्षी म्हातारीचं एकच मागणं होतं. गुणाजीरावांनी त्यांच्या शेवटच्या वर्षी जो आणला, तसाच हवा. तोच बसलेला, तेच पितांबर आणि मुख्य म्हणजे तेच डोळे!

बसलेला आणि पितांबर सोपं होतं, साचा अजून होता. डोळे मात्र साच्यात नसतात. डोळे हाताने काढतात, त्याला आखणी म्हणतात, आणि आमच्याकडे आखणी काकीची. धोंडुबाई काकीने ब्रश हातात घेतला की शेडमधला पंखासुद्धा बंद करतात. गणपतीने आपल्याकडे पाहिलं असं ज्या क्षणी वाटतं, त्या क्षणी ती ब्रश उचलते.

मागून काकीचा आवाज आला. "सांग त्याला! माझा हात दर वर्षी येगळा पडतोय. त्या वर्षीचे डोळे बघितल्याबिगर मी काढणार नाय. फोटो मिळाला तर ठीक, नायतर हौसाबायला सरळ सांगा, नाय जमत. म्हातारीला फसवायची नाय मला!"

कारखान्याच्या अल्बमला वाळवी लागलेली. म्हणजे तो फोटो जगात एकाच ठिकाणी होता, साइटवर.

"काका," मी म्हणालो, "काळजी सोडा. दोन मिनिटांचं काम! रविवारी येतो."

आता या साइटचं सांगायलाच हवं. पेणच्या एसटी स्टँडजवळ तेव्हा सायबर कॅफे होता. प्लायवूडचे कप्पे, कप्प्यात खुर्ची, खुर्चीत घाम. अष्टमीचा प्रणित तिथे कामाला होता. मिसरूड नुकतं फुटलेलं, पण बोलणं असं, की उद्या सगळं जग याच कप्प्यातून चालणार आहे! "काका, तुमचा गणपती अमेरिकेत दिसेल!" एवढं एकच वाक्य तो काकांना रोज ऐकवायचा. शेवटी काका विरघळले.

साइट तयार झाली त्या दिवशी आम्ही अंघोळी करून, नवे कपडे घालून कॅफेत गेलो. काकीने मॉनिटरला हळदकुंकू लावलं. नारळही आणला होता, पण मालकाने हात जोडले म्हणून तो बाहेर पायरीवर फोडला. मग प्रणितने बटण दाबलं. तुतारी वाजली! दोन बाजूंना दोन समया लुकलुकायला लागल्या. वरून एक तांबडी ओळ सरपटत गेली, 'पेणच्या बाप्पाच्या दरबारात आपले सहर्ष स्वागत'. खाली एक आकडा, 'आपण आमचे पहिले पाहुणे'. काका मागे वळून बघायला लागले, पाहुणे कोण आलेत म्हणून.

मग फोटो यायला लागला. तेव्हा फोटो एकदम यायचे नाहीत, हे आजच्या लोकांना खरं वाटणार नाही. वरून खाली, चिंधी चिंधी करत यायचे. आधी कारखान्याचा पत्रा आला. मग कळसाचं टोक आलं. मग मुकुटातले खडे आले. "मुकुट माझाच!" काकी पुढे सरकून म्हणाली. "आता डोळे येतील बघा..."

आणि लाइट गेली! तेव्हा लोडशेडिंग होतं. मालक म्हणाला, पाच वाजता या. पाच वाजता टेम्पो भरायचा होता. नंतर गणपती आले, नंतर नवरात्र, नंतर कॅफे बंद झाला आणि प्रणित रोह्याकडे परत गेला. थोडक्यात, त्या फोटोतला गणपती आमच्या घरातल्या कुणीही मुकुटाच्या खाली पाहिलेला नाही.

ठरल्याप्रमाणे रविवारी मी कारखान्यात हजर झालो. शेडमध्ये शिरल्यावर समोरच्या भिंतीवर कॅलेंडर. ते बाराही महिने गणपतीच्या पानावर उघडं असतं, ही काकांच्या वडिलांपासूनची रीत. बाहेर शिमगा असो, अक्षय तृतीया असो, कारखान्यात कायम भाद्रपद! एखाद्या कारागिराने "आज तारीख काय?" म्हणून विचारलं, तर काका नुसतं बोट भिंतीकडे दाखवतात. "आपल्याकडं एकच तारीख. ती चुकली की संपलं!"

कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली कॉम्प्युटर होता. कुणीतरी जुना झाला म्हणून टाकलेला काकांनी आणला होता. काकांची सून नमितावहिनी त्याच्यावर पावत्या छापायची आणि कारागिरांसाठी भजनं लावायची. इंटरनेट त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. वहिनीने तो सुरू केला. सुरू होताना त्याने काहीतरी विचारलं, तिने काहीतरी भरलं. मी माझ्या फोनचं नेट त्याला जोडत होतो, लक्ष दिलं नाही.

सगळे गोळा झाले. काकीने चष्मा पुसला. मी बाह्या सरसावल्या, साइटचा पत्ता टाकला आणि ऐटीत बटण दाबलं.

तुतारी वाजली नाही. पडद्यावर एक लाल त्रिकोण आला.

नमितावहिनीने मोठ्याने वाचलं, "तुमचे कनेक्शन खाजगी नाही. हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात."

"हल्लेखोर?" काका म्हणाले. "कोण?"

"तसं नसतं काका. हे बघा, साइट म्हणजे दुकान. दुकानाला लायसन लागतं ना? तसं साइटला सर्टिफिकेट. जुन्या साइटचं ते संपलेलं असतं. ते संपलं की आपण आणि साइट यांच्या मध्ये कुणीही बसू शकतो आणि माल काढून घेऊ शकतो."

"मधी?"

"मध्ये."

काकांनी हळूच खिडकीबाहेर पाहिलं. आमची शेड आणि मोठा रस्ता यांच्या मध्ये एकच माणूस बसतो. बाबाजी! त्याचाही गणपतीचा कारखाना. पूर्वी कधीतरी काकांनी शंखावर बसलेला गणपती काढला, आणि पुढच्याच वर्षी बाबाजीच्या फळीवरही एक शंखावर बसला. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. साचा म्हणजे आमच्या आळीत मुलीच्या लग्नाच्या दागिन्यांसारखा, कुणी तो परक्याला दाखवत नाही.

"मला वाटलाच व्हता," काका म्हणाले.

"अहो, बाबाजीचा काय संबंध? थांबा, आपण गूगललाच विचारू."

मी गूगल उघडलं. लाल त्रिकोण! हल्लेखोर! मी बातम्यांचं एक पान उघडून पाहिलं. तिथेही तेच!

"म्हंजे गूगललाबी लुटलान?" काकीने गालावर हात ठेवला.

इथे खऱ्या जाणकाराने थांबून विचार केला असता. मी थांबलो नाही, मी निदान केलं. हाताची घडी घालून, कंपनीत घालतो तशी, मी म्हणालो, "अख्खी लाइनच नासली आहे."

नमितावहिनी जरा वेगळ्या डोक्याची. ती म्हणाली, "भावजी, तुमच्या फोनवर बघा ना उघडतेय काय."

"वहिनी!" मी ओरडलोच. "माझ्या फोनात बँक आहे! तिथे हल्लेखोर बसलेत आणि मी त्यांना घरात घेऊ? कुणीही फोनवर उघडायची नाही ती साइट! कुणीही!"

माझ्या आवाजात एवढी जरब होती, की काकांनी माती कालवायची पाटी उचलली आणि कारागिरांपुढे फिरवली. "टाका फोन! बंद करून टाका!" सगळे फोन पाटीत गेले. वहिनीचाही. माझा तेवढा मी खिशात ठेवला, जबाबदारीच्या माणसाकडे एक लागतोच.

मग काकांनी साचे हलवायला घेतले. मी सांगत होतो की इंटरनेटचा चोर साचा उचलून नेत नाही. पण 'माल काढून घेतो' हे मघाशी मीच म्हणालेलो! गोणपाटात, जुन्या लुगड्यांत गुंडाळून साचे मागच्या दाराने काकीच्या स्वयंपाकघरात निघाले. सोंडा तांदळाच्या कणगीत गेल्या. उंदीर पापडांच्या डब्यात. मोठा साचा काकांनी स्वतःच्या अंथरुणात झोपवला आणि वर चादर घातली.

बाबाजी आपल्या ओट्यावरून हे सगळं बघत होता. पुंडलिक भरदिवसा साचे लपवतोय म्हणजे काहीतरी आहे! तो न राहवून कुंपणापाशी आला. "काय रं प्रविण, काय झाला?"

मी उत्तर द्यायच्या आत काका आतून गरजले, "तुला ठाऊक!"

झालं! आपल्याला जे ठाऊक असायला हवं ते ठाऊक नाही, म्हणून बाबाजी अधिकच हादरला. त्याने घरी जाऊन आपले साचे माळ्यावर चढवायला सुरुवात केली. त्याचं बघून पलीकडच्याने. त्याचं बघून त्याच्या पलीकडच्याने! जेवणवेळेपर्यंत आळीत औषधालासुद्धा साचा शिल्लक नव्हता. ऐन हंगामाच्या तोंडावर सगळे कारखाने बंद, मळलेला शाडू वाळून चाललेला, आणि माणसं दारात काठ्या घेऊन बसलेली. कुणी म्हणे, टोळी पनवेलहून निघाली. कुणी म्हणे, नागोठण्यात दिसली, हातात लॅपटॉप होते. तेवढ्यात वडखळहून रिक्षा करून नमितावहिनीची आई आली, रडत! लेकीचा फोन सकाळपासून बंद म्हणजे काय समजायचं माणसाने? तिला पाणी दिलं, बसवलं. ती नेमकी काकांच्या अंथरुणावर बसायला गेली आणि चादरीखालचं पाहून किंचाळली!

काकी बाहेर आली. तिच्या पदराला तांदूळ चिकटले होते.

"साचे गेले चुलीत! प्रविण, माझा फोटो कुठंय?"

"काकी, लाइन..."

"लाइन मला नको सांगू. हौसाबाय तिकडं वाट बघतेय. ज्यानं साइट केली त्याला जाऊन धर. ऊठ!"

मी उठलो. रोह्याची एसटी धरली. खिडकीतून ते कॅफेचं वळण दिसलं, तिथे आता मोमोंचं दुकान आहे. उगीचच जीव हळवा झाला. त्या प्लायवूडच्या कप्प्यात मीही तासन् तास बसलोय. एकेक पान उघडायला चहा पिऊन होईल एवढा वेळ लागायचा, पण उघडणार याची खात्री असायची. आता सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतं आणि आपलीच साइट आपल्याला चोर म्हणते! त्या समया, ती तुतारी, तो पाहुण्यांचा आकडा, सगळं त्या लाल त्रिकोणामागे मरून पडलंय असं मला वाटत होतं. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा मी काकीला काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो.

अष्टमीत प्रणितचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आता त्याला पोट आहे आणि केस नाहीत, पण बोलणं तसंच.

"प्रविणदादा! किती वर्षांनी!"

मी त्याला सगळं सांगितलं. साइट मेली, सर्टिफिकेट संपलं, हल्लेखोर बसले, लाइन नासली. तो ऐकत राहिला आणि मग त्याने सरळ आपला फोन काढला.

"उघडू नकोस!" मी त्याचा हात धरला. "बँक!"

तोवर त्याने उघडलीसुद्धा.

तुतारी वाजली! दुकानात लावलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे सगळे भाऊ दचकले असतील, अशी वाजली. दोन समया लुकलुकायला लागल्या. तांबडी ओळ सरपटत निघाली, सहर्ष स्वागत. सगळं जसंच्या तसं होतं! एक दिवासुद्धा विझलेला नव्हता.

"ही... ही चालू कशी?"

प्रणित जरा लाजला. "मी चालू ठेवलीय, दादा. माझी पयलीच साइट ना! बंद करवत नाय. तिचं सर्टिफिकेटपण घेतलंय, फुकट मिळतं, आपोआप नवीन होतं. कधी धंदा नसला की उघडून बसतो आणि तुतारी ऐकतो."

"आणि फोटो?"

त्याने बोटाने पान वर सरकवलं. फोटो क्षणात आला, पुरा! चिंधी चिंधी नाही, वाट बघणं नाही. कारखान्याचा पत्रा, कळस, मुकुट, मुकुटातले खडे. आणि मुकुटाच्या खाली...

रुमाल!

गणपतीच्या तोंडावर, कपाळापासून सोंडेपर्यंत, पांढरा रुमाल. निळ्या काठाचा.

"प्रणित, हे काय?"

"म्हंजे? घरी नेताना तोंड झाकतात ना, दादा."

"ते मला माहीत आहे! पण साइटवर झाकलेला गणपती? डोळे कुठे आहेत?"

"काकांनीच सांगितलेला! मी फोटो काढाय लागलो तर म्हणाले, गिऱ्हाइकाचा गणपती घरात बसायच्या आधी उघड्या तोंडानं जगाला दाखवायचा नाय. रुमाल बांधल्यावर काढ. मी काढला." तो खांदे उडवून म्हणाला, "अमेरिकेत पण असाच दिसतोय."

मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. अख्खी आळी बंद पाडून, तांदळात सोंडा पुरून, काकीच्या जिवाला घोर लावून मी जे शोधत होतो ते हे होतं. एक रुमाल!

"पण मग कारखान्यात का नाय उघडली?" प्रणितला वेगळंच कोडं पडलं होतं. "गूगलपण नाय म्हणता? वहिनीला फोन लावा बघू."

वहिनीचा फोन पाटीत. सगळ्यांचेच पाटीत. आळीत चालू असलेला एकच नंबर माझ्याकडे होता. मी नाइलाजाने बाबाजीला फोन लावला आणि म्हणालो, जरा आमच्या शेडमध्ये जाऊन नमितावहिनीला फोन दे. मग चपलांचा आवाज. मग काकांचा आवाज, "हा हितं कसा?" मग काकीचा, "गप बसा वो, फोन आणलाय त्यानं!" इतक्या वर्षांत बाबाजीने आमचा उंबरा पहिल्यांदा ओलांडला, तोही हल्लेखोरांच्या चौकशीसाठी.

"वहिनी," प्रणितने विचारलं, "कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?"

"सत्तावीस ऑगस्ट."

"आज?"

"आज कुठली? आज मे महिना हाय. पण त्याची आतली बॅटरी गेलीय ना, सुरू करताना दर वेळी तारीख विचारतो. सासऱ्यांनी सांगून ठेवलंय, गणेश चतुर्थीची घालायची. कारखान्यात एकच तारीख."

प्रणितने फोन छातीशी धरला आणि तो हसत सुटला. हसता हसता त्याने मला समजावलं. प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट ठरावीक मुदतीचं असतं. कॉम्प्युटर आपल्याकडची तारीख बघतो आणि मुदत संपलीय का ते ठरवतो. आमचा कॉम्प्युटर भाद्रपदात बसून वैशाखातली सर्टिफिकेटं तपासत होता! त्याला सगळं जग शिळं दिसणारच.

"साइट जुनी नाय झाली, दादा. तुमचा कॉम्प्युटर पुढं गेलाय!"

आणि गेटपासच्या खिडकीत दिवसभर तारखाच तपासणाऱ्या मला ती एक तारीख दिसली नव्हती.

"चला," प्रणित उठला. "हौसाआजी मागच्याच गल्लीत राहतात. दाखवू त्यांना."

"काय दाखवू? रुमाल?"

पण त्याने मला ओढलंच. हौसाबाई ओट्यावर सुपात वाल निवडत बसल्या होत्या. आंधळ्यासारख्याच, बोटांनी चाचपून. मी हात जोडले आणि एका दमात सांगून टाकलं, की आजी, फोटो मिळाला पण डोळे नाहीत, काकी म्हणते फसवणार नाही, माफ करा. त्यांनी हात पुढे केला. प्रणितने फोटो मोठा करून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाजवळ नेला.

बराच वेळ त्या बघत राहिल्या. रुमालाकडे नव्हे, गणपतीकडेही नव्हे. मूर्ती ज्याने छातीशी धरली होती त्या माणसाकडे. मी आत्तापर्यंत त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. टोपी तिरपी, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात, आणि तोंडभर हसू. गुणाजीराव!

"हे बघ," त्या म्हणाल्या, "बटण! सांगून सांगून दमले मी. कधी नीट लावला नाय." त्यांनी फोनवरच्या बटणावर अंगठा फिरवला, सारखं करायला बघावं तसा. फोटो सरकून गेला. प्रणितने तो परत आणून दिला.

"आजी, डोळ्यांचं..."

"डोळ्यांचं काय रं पोरा? मला कुठं दिसतंय आता? त्या वर्षीचा पायजे म्हणले, ते ह्यांनी आणलेला म्हणून." त्या भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या. पत्र्याची पेटी वाजली. परत आल्या तेव्हा हातात घडी केलेला रुमाल होता. पांढरा, निळ्या काठाचा. "ह्यो काठ मीच शिवलाय. आवंदा ह्योच बांधा म्हणावं. आन् डोळे धोंडुबायला सुचतील तसे काढू दे. तिचा हात मला ठाऊक हाय."

मला भरून आलं. लाज कसली सांगायला! प्रणित फ्लेक्सवाला तर सरळ शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपती अष्टमीला निघाला. डोळे काढताना काकीने फक्त पंखाच नव्हे, बाबाजीच्या पॉलिशच्या मशीनचा आवाजही थांबवायला लावला, आणि त्याने तो थांबवला. रुमाल तिने स्वतः बांधला. मूर्ती हौसाबाईंच्या मुलाने छातीशी धरली. प्रणित मुद्दाम आला होता. त्याने विचारलं, "काका, आता तरी उघड्या तोंडाचा काढू काय?" काका म्हणाले, "नाय!" म्हणून साइटवर आता दोन फोटो आहेत. दोन्ही रुमालाचे.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर हौसाबाईंचा फोन आला. पलीकडे टाळ वाजत होते. "धोंडु, तेच डोळे गो! अगदी तेच! माझ्याकडं बघतोय!" काकी "व्हय गो, व्हय," म्हणत राहिली. फोन ठेवून ती आमच्याकडे वळली. "आवंदा पापण्या उतरत्या काढल्यात मी. जन्मात कधी तशा काढल्या नव्हत्या." मग पदर तोंडाला लावून आत गेली.

राहिला कॉम्प्युटर. तो मी ठीक केला, दुसरं कोण करणार! नवी बॅटरी घातली, तारीख घातली. तुतारी वाजली, साइट उघडली, शेडमध्ये टाळ्या पडल्या. चहा पिऊन मी परत आलो तर पुन्हा लाल त्रिकोण! कोपऱ्यात पुढच्या वर्षीची चतुर्थी लागलेली आणि काका समाधानाने हात पुसत उभे.

"काका! अहो, साइट दिसणार नाही अशाने!"

"ऱ्हाऊ दे. भाद्रपद काढायचा नाय कारखान्यातून. आन् बघ प्रविण, मला, मालकाला, उघडत नाय, म्हंजे त्या बाबाजीला तर मुळीच उघडणार नाय! याला म्हणतात बंदोबस्त."

तेवढ्यात कुंपणापलीकडून, बाबाजीच्या ओट्यावरून, तुतारी वाजली.

"वाजली रं, वाजली!" काका खूश झाले. "बाप्पा निघाला बघ कुठंतरी!"

हल्ली ती रोज संध्याकाळी वाजते. पाहुण्यांचा आकडा वाढतोय, असं प्रणित सांगतो. मी अजून ती साइट माझ्या फोनवर उघडलेली नाही. बँक आहे ना!